लेव्होथायरॉक्सिनची गोळी आणि रक्ततपासणीची वेळ

अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की टी४ या संप्रेरकाची उणीव लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीने भरून काढतात. ही गोळी बहुतेक जण सकाळी अनशापोटी घेतात आणि रक्त द्यायलाही सकाळीच जातात. त्यामुळे त्या दिवशीची गोळी आधी घ्यावी की नंतर, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर तपासणीत काय मोजायचे आहे यावर ठरते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे, टी४ कमी पडला की वाढणारे पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक. त्याच्या आकड्यावर त्या सकाळच्या गोळीचा फारसा परिणाम होत नाही, मुक्त टी४च्या, म्हणजे रक्तातील प्रथिनांना न बांधलेल्या टी४च्या आकड्यावर मात्र होतो.

गोळी लहान आतड्यातून शोषली जाते आणि रक्तातील टी४ सुमारे २ ते ४ तासांत शिखरावर पोहोचतो. या काळात मुक्त टी४ गोळीपूर्वीच्या पातळीपेक्षा १५ ते २० टक्क्यांपर्यंत वाढलेला आढळू शकतो आणि पुढच्या काही तासांत तो पूर्ववत होतो. टी४चे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ, साधारण ७ दिवसांचे असल्यामुळे एका गोळीने शरीरातील एकूण साठ्यात थोडीच भर पडते, आणि टीएसएच सोडणारी पिट्यूटरी ग्रंथी आधीच्या कित्येक दिवसांचा हिशेब धरून चालते. समजा, एखाद्या रुग्णाने सकाळी ७ वाजता गोळी घेतली आणि १० वाजता रक्त दिले. अहवालात टीएसएच २.१, म्हणजे ०.४ ते ४ या नेहमीच्या मर्यादेत आहे. मुक्त टी४ मात्र १.९ असून प्रयोगशाळेची वरची मर्यादा १.८ असल्याने त्यापुढे जास्त असल्याची खूण छापलेली आहे. त्या खुणेकडे पाहून गोळीची मात्रा कमी करणे चुकीचे ठरेल. हा घोळ टाळायचा तर रक्त देऊन मग गोळी घेणे सर्वांत सोपे. जे रात्री जेवणानंतर ३ तासांनी गोळी घेतात, त्यांच्या बाबतीत सकाळपर्यंत हे शिखर बहुतांशी ओसरलेले असते.

पिट्यूटरीच्याच बिघाडामुळे थायरॉइड मंदावलेला असेल, तर टीएसएचवर विसंबता येत नाही. अशा रुग्णाची मात्रा मुक्त टी४ पाहून ठरते, म्हणून त्याने गोळीपूर्वीच रक्त देणे आवश्यक असते. टी३ या थायरॉइडच्याच दुसऱ्या संप्रेरकाची गोळी घेणाऱ्यांबाबतही हीच दक्षता लागते. टी३चे अर्धायुष्य सुमारे एक दिवसाचेच असल्याने त्याची पातळी दिवसभरात बरीच वरखाली होते.

टीएसएचचा स्वतःचाही दैनंदिन क्रम असतो. तो मध्यरात्रीनंतर सर्वाधिक असतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे सकाळी मर्यादेच्या किंचित वर दिसणारा आकडा दुपारी मर्यादेत येऊ शकतो. तुलना करायची असेल तर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच सुमारास रक्त द्यावे. केवळ थायरॉइडच्या तपासणीसाठी उपाशी राहणे सक्तीचे नाही; पुष्कळदा ती अट सोबतच्या साखरेच्या तपासणीमुळे घातलेली असते.

घड्याळाइतकेच महत्त्व कॅलेंडरलाही आहे. मात्रा बदलल्यानंतर टीएसएच स्थिरावण्यास ६ ते ८ आठवडे लागतात, आणि दोनच आठवड्यांनी उतावीळपणे केलेली तपासणी जुन्या व नव्या मात्रेच्या मधलाच कुठला तरी आकडा दाखवते. गरोदरपणात गरज लवकर वाढते, म्हणून निम्मे दिवस भरेपर्यंत, म्हणजे सुमारे २० आठवडे, साधारण दर ४ आठवड्यांनी तपासणी करतात. त्या काळात आपल्याकडच्या नेहमीच्या टी३, टी४, टीएसएच या तपासणीतील एकूण टी४ वाढलेला दिसतो. इस्ट्रोजेनमुळे टी४ला बांधून ठेवणारे प्रथिन वाढल्याचा तो परिणाम असतो, थायरॉइडच्या अतिक्रियेचा नव्हे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही असेच होते.

टीएसएच १४ आणि मुक्त टी४ व्यवस्थित, असा विसंगत अहवाल आला तर बऱ्याचदा त्यामागे गोळ्यांची हयगय असते. मध्ये कित्येक दिवस गोळ्या चुकलेल्या असतात आणि तपासणी जवळ आली की नियमित सुरू होतात. टी४ तेवढ्यात सावरतो, टीएसएच मागे राहतो. गोळ्या नियमित घेऊनही टीएसएच चढत असेल, तर त्या कशासोबत घेतल्या जातात हे विचारावे. गोळीनंतर लगेच घेतलेली कॉफी शोषणात अडथळा आणते, म्हणून अर्धा ते एक तास थांबायचे असते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत तर ४ तासांचे अंतर हवे.

केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेचा घोटाळा वेगळाच असतो. त्याने शरीरातील संप्रेरके बदलत नाहीत, पण काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे अतिक्रियेचे हुबेहूब चित्र उभे राहते. म्हणून बायोटिन तपासणीच्या निदान २ दिवस आधी थांबवावे, आणि मात्रा फार मोठी असेल तर त्याहून आधी.