मेढेकोट कुठे मोडतो?

मुरुडजवळ, राजपुरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावर आज जंजिऱ्याचा दगडी तट दिसतो. त्याच्याआधी तिथे लाकडी कोट होता. चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून १५व्या शतकात राम पाटलाच्या पुढाकाराने कोळ्यांनी तो उभारला, असं परंपरा सांगते. त्याला म्हणत मेढेकोट. मेढ म्हणजे जमिनीत रोवलेला लाकडी खांब. मेढीला मेढ भिडवत वेढा पुरा केला की झाला मेढेकोट. डोल जाळ्यांसाठी, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यांसाठी, समुद्रतळात खुंट रोवणाऱ्यांना खांब उभा कसा ठेवायचा हे वेगळं शिकवावं लागलं नसणार.

असा कोट पाहताना नजर वरच्या टोकदार शेंड्यांकडे जाते. खरी कसोटी मात्र खाली असते, माती आणि हवा जिथे भेटतात त्या वीतभर पट्ट्यात.

मेढीचा खालचा भाग जमिनीने घट्ट धरलेला असतो आणि वरचा मोकळा असतो. वरून कोणी ढकललं किंवा दोर टाकून ओढलं, तर सगळ्यात जास्त वाक जमिनीलगत किंवा तिच्या थोडा खाली येतो. वाक सोसायची लाकडाची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्यास दुप्पट झाला की ताकद आठपट होते. उलट, १५ सेंटिमीटर जाडीची मेढ चहूबाजूंनी फक्त दोन सेंटिमीटर कुजली, तर ११ सेंटिमीटर चांगलं लाकूड उरतं. निम्म्याहून जास्त जाडी शाबूत दिसते, पण ताकद शेकडा ४०च राहते.

आणि लाकूड कुजतं तेही नेमकं तिथेच. कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडात शेकडा २०च्या वर ओल टिकली की तिचं फावतं. खोलवर चिखलात पाणी भरपूर असतं, पण हवा नसते. वर हवा असते, पण पाऊस उघडला की लाकूड वाळतं. जमिनीलगतच्या पट्ट्यात दोन्ही मिळतं, त्यात वाळवीही तिथूनच चढते. म्हणून जुनं कुंपण उपटलं की तळाचं टोक बरं निघतं आणि मेढ मधेच तुटते.

लाकूड निवडताना नाव पाहून भागत नाही. सागाचा टिकाऊपणा त्याच्या आतल्या गडद गाभ्यात असतो. बाहेरचं फिकट लाकूड किडीला आणि बुरशीला लगेच बळी पडतं. कोवळ्या सागाच्या बारीक वाशात गाभा बोटभर असतो, म्हणून तो ‘साग’ असूनही लवकर जातो. ऐन, किंजळ किंवा खैराचा भरलेला सोट त्याहून बरा. साल काढावीच, कारण तिच्याखाली ओल साठते आणि किडे घर करतात. बांबू असेल तर तो पावसाळा सरल्यावर तोडून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. त्यातला पिष्टाचा अंश, म्हणजे भुंग्याचं खाद्य, धुऊन जातं. टोक जाळून काळं करण्यावर फार भिस्त ठेवू नये. वाळताना मेढीला उभ्या चिरा पडतात आणि पाणी त्या कोळशाच्या थराखाली उतरतं.

आता हिशेब. ३० मीटर व्यासाच्या गोल कोटाचा घेर सुमारे ९४ मीटर होतो. १५ सेंटिमीटरच्या मेढी भिडवून लावल्या तर सव्वासहाशेच्या वर लागतात. तेवढीच जागा चौकोनात घेरायची तर घेर १०६ मीटर होतो, म्हणजे ऐंशी मेढी जास्त, शिवाय चार कोपरे सांभाळायचे. चार मीटर लांबीची ओली मेढ ७० किलोच्या आसपास भरते. दोघांच्या खांद्यावरचं ओझं.

सुट्या खड्ड्यांपेक्षा सलग चर बरा: सव्वा मीटर खोल आणि हातभर रुंद. बुंध्याकडचं जाड टोक खाली घालावं. चर नुसत्या मातीने न भरता जांभ्याच्या कपच्या आणि मुरूम वीतवीतभर थरांनी टाकून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. चिकणमातीत पाणी तुंबतं आणि आषाढात माती लोण्यासारखी झाली की आख्खी रांग झुकते. कातळावर चर निघत नाही. तिथे मेढींच्या दोन रांगा आडव्या वाशांनी जोडून मधे दगड भरावे लागतात. वर दोन ठिकाणी आडवे वासे घेऊन काथ्याच्या सुंभाने आवळावं. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, आणि ऐन-खैरातल्या टॅनिनशी, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याशी, त्याची गाठ पडली की भोवतालचं लाकूडही काळं पडून कमजोर होतं. शेंडा तिरका तासावा. चढणाऱ्याला तो अडवतोच, शिवाय पाणीही ओघळून जातं, नाहीतर कापलेलं तोंड पाणी शोषत राहतं. वाळताना मेढी आटतात आणि दोघींमधे काही मिलिमीटरची फट पडते. त्यावर कळकाच्या काटेरी फांद्या बाहेरून बांधल्या की काम भागतं.

एक चूक मात्र हमखास होते. बाहेर खंदक खणून माती आतून थेट मेढींना टेकवली जाते. तट भक्कम दिसतो, पण कुजण्याचा पट्टा हातभर वर सरकतो आणि सुकं राहिलं असतं ते लाकूडही ओलं होतं. भराव आणि मेढी यांच्यामधे दगडांची कोरडी रास हवी, म्हणजे पाणी वाहून जाईल.

तोफेपुढे एकेरी मेढेकोटाचा टिकाव लागत नाही. गोळा लाकूड फोडतो आणि उडालेल्या ढलप्यांनी आतलीच माणसं जखमी होतात. दोन रांगांमधे माती भरली तर गोळा तिच्यात रुतून बसतो. चैत्र-वैशाखात कोरड्या कोटाला आगीचं भय असतंच, म्हणून लगतचं गवत सहा-सात मीटरपर्यंत कापून ठेवावं.

पाऊस संपला की तपासणी करावी. जमिनीलगतची माती वीतभर उकरून मेढीत कोयतीचं टोक दाबावं. ते बोटभर सहज शिरलं, तर वरून ती कितीही ताठ दिसो, दिवाळीआधी बदलावी.