उपकारस्तुती (ख्रिस्ती धर्म)

उपकारस्तुती म्हणजे देवानं जे दिलं त्याची आठवण ठेवून त्याला मनापासून धन्यवाद म्हणणं. ख्रिस्ती धर्मात डॉक्ट्रिन म्हणजे ठरवलेल्या शिकवणी भरपूर आहेत, पंथ भरपूर आहेत, पण सगळ्याच्या गाभ्याला हीच एक साधी गोष्ट आहे. मराठी बायबलात दोन शब्द येतात, उपकारस्मरण आणि उपकारस्तुती, आणि त्यांचा क्रमही बरोबर आहे, कारण आधी आठवायचं आणि मग तोंड उघडायचं. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीत 'त्याची दया सनातन आहे' हेच परत परत येतं, लहानपणी कंटाळा यायचा, आता त्यातच गोडी वाटते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात हा शब्द एका भाषेत राहत नाही. कन्नड बोलणारे ख्रिस्ती 'देवरिगे स्तोत्र' म्हणतात, गोव्याकडून आलेली कोकणी कॅथलिक घरं साधं थँक्यू म्हणायचं तरी 'देव बरें करूं' म्हणतात, म्हणजे तुझं भलं देव करो, माझ्याच्यानं काय फेड होणार नाही. मराठीत आम्ही 'देवाचे उपकार' म्हणतो. लंडन मिशनरी सोसायटीनं इथं १८२० मध्ये काम सुरू केलं, १९०४ मध्ये ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे आलं, आणि कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ सालचा, पण चर्च कुठलंही असो, जेवायच्या आधी डोळे मिटून दोन वाक्यं म्हणायची सवय सगळीकडं सारखीच.

मराठीत उपकार म्हटलं की पुढं 'फेडणं' येतंच. इथंच ख्रिस्ती विचार जरा वेगळा जातो. नवसात माणूस आधी मागतो, मिळालं की फेडतो, हिशेब तिथं संपतो (ख्रिस्ती घरांतही नवस बोलतात, ते लपवण्यात अर्थ नाही). उपकारस्तुतीत देवानं आधीच दिलंय, न मागता दिलंय, आणि ते फिटणारं नाहीच, म्हणून माणसाकडं फक्त धन्यवाद उरतो. स्तोत्र ११६ मध्ये भक्त विचारतो की देवाच्या एवढ्या उपकारांबद्दल मी त्याला काय देऊ, आणि पुढच्याच ओळीत म्हणतो की मी तारणाचा प्याला हाती घेईन, म्हणजे द्यायचं काय विचारलं आणि उत्तरात परत घेणंच आलं! मला हे फार खरं वाटतं. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३), म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणारं प्रोटेस्टंटांचं जुनं पुस्तक, याच धाग्यावर बांधलीय, आधी माणसाचं दुःख, मग सुटका आणि तिसरा भाग कृतज्ञता, आणि दहा आज्ञा व प्रार्थना या तिसऱ्या भागात घातल्यात, म्हणजे चांगलं वागायचं ते भीतीनं नाही, उपकार जाणून.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या १७ व्या अध्यायातली गोष्ट इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत पोरांनाही पाठ असते. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला, तोही शोमरोनी म्हणजे त्या काळी परका समजला जाणारा, आणि येशूनं विचारलं की बाकीचे नऊ कुठं आहेत. नऊजणांनी वाईट काही केलं नव्हतं, सांगितल्याप्रमाणं याजकाकडं गेले होते, फक्त मागं वळले नाहीत. येशूचा प्रेषित पौल यानंही बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात माणसाचं बिघडणं सांगताना हेच धरलंय की देवाला ओळखूनही त्यांनी त्याचे आभार मानले नाहीत.

मिस्सा किंवा प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, याला ग्रीकमध्ये युखारिस्त म्हणतात, त्याचा अर्थच उपकारस्तुती. येशूनं भाकर हातात घेऊन धन्यवाद दिला तो पकडला जायच्या रात्री, सगळं सुखाचं असताना नाही, हे विसरून चालत नाही.

सुगी झाली की गावाकडच्या चर्चमध्ये कापणीचा सण होतो, त्याला बरेचजण हार्वेस्टच म्हणतात. नवा तांदूळ, जोंधळा, ऊस, भोपळा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी असं ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढं ठेवतात, बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातल्या पहिल्या पिकाच्या टोपलीसारखं. भक्ती झाली की बाहेर लिलाव, आणि बाजारात स्वस्तात मिळणारा नारळ तिथं कितीतरी पट जातो, घेणारा कधीकधी तोच परत देतो आणि त्याचा पुन्हा लिलाव होतो. ज्याच्याकडं शेत नाही तो पाकिटात पैसे घालतो, आजारातून उठलेली बाई उभी राहून साक्ष देते.

आणि पीक गेलं तर? २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, नदीकाठची शेतं आणि घरं पाण्याखाली गेली. अशा वर्षी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचतात, अंजीर फुललं नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. नुकसान झालेल्या माणसाला दुसऱ्यानं जाऊन 'धन्यवाद दे' म्हणून सांगायचं नसतं, ते त्याचं त्यालाच म्हणता आलं पाहिजे, बाकीच्यांनी तोवर त्याच्या घरातला गाळ काढायला फावडं घेऊन जायचं.