क्लबचे जोडलेले रेडिओ-जाळे : अमेरिकेत परवाना नेमका कुठे अडतो

दूरदूरच्या गावांतील सभासदांना एकाच जाळ्यावर बोलता यावे म्हणून अमेरिकेतील गट बहुधा जीएमआरएसकडे, म्हणजे सामान्य लोकांसाठीच्या दुतर्फा रेडिओ सेवेकडे, वळतात, कारण तिथे परीक्षा नसते आणि ३५ डॉलरांत दहा वर्षांचा परवाना मिळतो. परंतु हा परवाना आता संस्थेला मिळत नाही, केवळ व्यक्तीला मिळतो. शिवाय रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणारी केंद्रे, इंटरनेटवरून एकमेकांना जोडणे एफसीसीला, म्हणजे अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाला, मान्य नाही. हे स्पष्ट शब्दांत आपल्या संकेतस्थळावर सांगायला आयोगाने २०२४ साल उजाडू दिले, आणि तोवर अनेकांनी यंत्रसामग्रीवर पैसे खर्च केले होते.

त्यामुळे उरतो तो हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, क्लब परवाना. त्यासाठी किमान चार सभासद, क्लबचे नाव, पदाधिकारी आणि लेखी घटना, म्हणजे क्लबची नियमावली, लागते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा या घटनेपाशी, कारण मित्रांच्या गटाने ती कधी लिहिलेलीच नसते. एक-दोन पानेही पुरतात. मात्र हौशी रेडिओ हाच क्लबचा मुख्य उद्देश असल्याचे तीत असावे. म्हणूनच एखाद्या महाराष्ट्र मंडळाने स्वतःच्या नावाने अर्ज करू नये. मंडळातील परवानाधारकांनी वेगळा क्लब स्थापन करावा. परवाना विश्वस्ताच्या, म्हणजे क्लबने नेमलेल्या जबाबदार व्यक्तीच्या, नावे निघतो आणि त्याच्याकडे एफसीसीचाच हौशी परवाना असावा लागतो. भारतातल्या हौशी परवान्याचा ‘व्हीयू’ने सुरू होणारा संकेत इथे चालत नाही. परीक्षेला नागरिकत्वाची अट नाही, तेव्हा ती आधीच देऊन ठेवावी.

नवा अर्ज थेट आयोगाकडे जात नाही, तो हौशी रेडिओच्या परीक्षा घेणाऱ्या एआरआरएल व्हीईसीसारख्या नेमलेल्या संस्थेमार्फत जातो. त्यानंतर ३५ डॉलरांच्या शुल्काची सूचना ईमेलने येते आणि अर्जाचा फाइल क्रमांक मिळाल्यापासून दहा दिवसांत ते भरावे लागते. हे दहा दिवस कामकाजाचे नव्हेत. शनिवार-रविवारही त्यात मोजले जातात. स्पॅममध्ये पडलेल्या एका ईमेलपायी अर्ज फेटाळला जावा, ही फार कठोर व्यवस्था आहे, म्हणून विश्वस्ताने रोज ईमेल तपासावे.

असे जाळे ‘खाजगी’ असेल, या समजाबाबतही सावध राहावे. रिपीटरचा वापर ठरावीक सभासदांपुरता मर्यादित ठेवता येतो, पण अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करता येत नाही, आणि ऐकायला कोणालाही मोकळीक असते. धंद्याचे बोलणे वर्ज्य आहे. मराठीत खुशाल बोलावे. मात्र दर दहा मिनिटांनी आणि संभाषणाच्या शेवटी आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचा ओळख-संकेत, इंग्रजीतच सांगावा लागतो.