बालवाडीत शिकवायला माया पुरते का?

‘बालवाडीत शिकवायला कसलं आलंय प्रशिक्षण? गाणी, गोष्टी आणि माया असली की झालं,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. माया हवीच, त्यात वाद नाही. ती पुरते का, एवढंच पाहू.

चार वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी ओता. मग त्याच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, ‘जास्त कुठे?’ बहुतेक मुलं उंच ग्लास दाखवतील. समजावलं तरी बरेचदा पुन्हा तेच. मूल मंद आहे असं यातून मुळीच ठरत नाही. या वयात नजर पाण्याच्या उंचीवरच खिळते, रुंदी हिशेबात येत नाही. हे ठाऊक नसलेल्या प्रेमळ बाई उत्तर दुरुस्त करून पुढे जातील. ठाऊक असलेल्या बाई विचारतील, ‘तुला असं का वाटलं?’ आणि पाण्याशी खेळायला आणखी भांडी देतील.

म्हणूनच काही विद्यापीठं स्वतःची बालशाळा चालवतात. तिथे भावी शिक्षक आधी नुसतं बघायला शिकतात. नोंदीत ‘हट्टी आहे’ चालत नाही. ‘खडू काढून घेतल्यावर रडला, मग दुसरा मागितला’ असं लिहावं लागतं. (मोठ्यांच्या भांडणांतही ही सवय उपयोगी पडेल.) पुढे लहान गट, मग पूर्ण वर्ग, अनुभवी शिक्षिका सोबत असतातच.

पडताळायचं असेल तर जवळच्या बालवाडीत परवानगी घेऊन तासभर बसा. ‘हो-नाही’वर संपणारे प्रश्न किती आणि मुलाला बोलतं करणारे किती, ते मोजा.