पीसीओएस आहे, मग सीआरपी करायची का?

पीसीओएस म्हणजे अंडाशयाच्या कामातला हार्मोन्सचा बिघाड. त्याच्या तपासण्या लिहून आणलेल्या बऱ्याच जणी आमच्या लॅबच्या काउंटरवर विचारतात, “अंगातली सूज बघायची सीआरपीपण करून टाकू का?” सीआरपी म्हणजे अंगात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन. आमचं उत्तर सहसा ‘थांबा’ असं असतं.

सूज म्हटलं की मुरगळलेला घोटा डोळ्यांसमोर येतो. पीसीओएसमधली ही सूज दिसत नाही, दुखतही नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतू नसतानाही थोड्या चेतलेल्या राहतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं सोडत राहतात. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी हा त्यांचा मोठा अड्डा. तरी सडपातळ मुलींमध्येही ही सूज आढळते.

टीएनएफ-अल्फामुळे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. त्या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयात अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त तयार होतं. शिवाय त्याला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी हे यकृतातलं प्रथिन घटतं. मोकळं अँड्रोजन वाढलं की चेहऱ्यावर केस, मुरमं येतात, बीज पिकत नाही, पाळी लांबते. सोनोग्राफीतल्या ज्या ‘गाठीं’नी घरचे घाबरतात, ते वाढ अर्ध्यावर थांबलेले बीजकोश असतात. सुरुवात सुजेपासून होते की इन्सुलिनपासून, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

सीआरपीवरून पीसीओएसचं निदान होत नाही. २००३च्या रॉटरडॅम निकषांत तीन गोष्टी आहेत: अनियमित पाळी, वाढलेलं अँड्रोजन आणि सोनोग्राफीत असे बरेच बीजकोश दिसणारे अंडाशय. तीनपैकी दोन असाव्यात आणि थायरॉइडचा बिघाड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) अशी इतर कारणं नसावीत. टीएसएच ही थायरॉइडची तपासणी मात्र टाळू नका: प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटण्याचा त्रास पीसीओएस असलेल्यांत जास्त दिसतो.

डॉक्टरांनी हृदयविकाराचा धोका पाहण्यासाठी एचएस-सीआरपी, म्हणजे अगदी थोडी वाढही टिपणारी सीआरपी, सांगितली असेल, तर जरूर करा. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत धोका कमी, ३च्या वर जास्त धरतात. आकडा १०च्या वर गेला तर आधी सर्दी-ताप, दाढ, लघवीचा जंतुसंसर्ग आठवून पाहा. बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

गर्भनिरोधक गोळ्यांनीही सीआरपी वाढते. त्या चालू असतील तर सॅम्पल देताना फॉर्मवर लिहा. रिपोर्टसाठी म्हणून स्वतःहून बंद करू नका.