ब्लूटूथ बसवण्याआधी बघा: तुमचा रेडिओ ‘एसी’ की ‘एसी-डीसी’?

नौपाड्यात आत्याकडे एकाच फळीवर दोन व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे जुने सेट, आहेत. दोन्ही लाकडी पेटीचे, दोन्हींना कापडी जाळी. आतेभाऊ म्हणाला, “दोन्हींत ब्लूटूथ टाकून दे की रे.” मी आधी मागचे पुठ्ठे काढले. एक एसी सेट निघाला, दुसरा एसी-डीसी, आणि या दोघांची गल्लत जिवावर बेतू शकते.

एसी सेटमध्ये जड मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. घरातली वीज आणि चॅसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) यांच्यात तारेचा संबंधच नसतो. पण त्या काळी काही शहरांत घरोघरी डीसी वीज येई, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून एसी-डीसी सेटमधून तो काढून टाकला आणि व्हॉल्व्हचे फिलामेंट, म्हणजे त्यांना तापवणाऱ्या तारा, दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडले. आत्याच्या सेटमध्ये यूसीएच ८१ या व्हॉल्व्हचे १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ चे १९, यूसीएल ८२ चे ५० आणि यूवाय ८५ चे ३८, असे एकूण १२६. २३० पैकी उरलेले १०४ व्होल्ट एक जाड रेझिस्टन्स खातो. १०० मिलिअँपिअरला ती दहा वॅट उष्णता झाली. त्याच्या वरचं लाकूड काळवंडलंय ते त्यामुळेच.

उष्णतेपेक्षा मोठा धोका चॅसिसचा. ते मेन्सच्या एका वायरलाच जोडलेलं असतं. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या पत्र्यावर फेज. मी टेस्टर टेकवला, निऑन लख्ख पेटला. प्लग फिरवला, विझला. मग रेडिओचं बटण बंद केलं आणि तो पुन्हा पेटला! स्विच न्यूट्रलमध्ये होता, त्यामुळे बंद सेटवर फिलामेंटच्या माळेतून फेज चॅसिसवर येत होता. आत्या म्हणाली, “त्याची बटणाची टोपी निघाली होती ना, तेव्हा दांडीला हात लावला की झटका बसायचा.” पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून लावलेला तो हात आठवून माझ्याच अंगावर काटा आला.

ओळखायची पहिली खूण व्हॉल्व्हच्या नावात. ‘ई’ने सुरू होणारे, म्हणजे ईसीएच ८१, ईएल ८४, हे ६.३ व्होल्टचे, असा सेट बहुधा एसी. ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरची माळ, तो सेट बहुधा एसी-डीसी. ट्रान्सफॉर्मर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. स्पीकरचा छोटा ट्रान्सफॉर्मर दोन्हींत असतो, आणि काही सेटमध्ये ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, जो चॅसिसला मेन्सपासून तोडत नाही. शेवटचा शब्द मीटरचा. प्लग भिंतीतून काढा, रेडिओचा स्विच चालू ठेवा आणि प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चॅसिसपर्यंत ओहम मोजा. एका पिनेला जवळजवळ शून्य आलं तर सेट एसी-डीसी समजा. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज हळूहळू चढवलं तरी तुम्ही सुरक्षित होत नाही, त्यालाही एकच वाइंडिंग असतं. असा सेट उघडून तपासायचा तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन वेगळ्या वाइंडिंगचा, मेन्सपासून तोडणारा ट्रान्सफॉर्मर हवाच.

एसी सेटचं काम सोपं. ब्लूटूथ बोर्डचे डावे-उजवे आवाज प्रत्येकी एक किलो-ओहममधून एकत्र करून मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला दिले, बोर्डला पाच व्होल्टचा वेगळा चार्जर. अर्धा तास लागला.

एसी-डीसी सेटला ऑक्सचं (बाहेरून वायरने आवाज जोडायचं) भोक पाडू नका, कधीच. तिथे वायरलेसच खरा उपाय आहे, कारण फोन हातात राहतो आणि पेटीबाहेर एकही तार येत नाही. बोर्ड प्लास्टिकच्या डबीत बंद केला, चौकोनात चौकोन अशी (दुहेरी इन्सुलेशनची) खूण असलेला चार्जर पेटीतच पक्का बसवला. बोर्डची ग्राउंड आता चॅसिसला, म्हणजे मेन्सला जोडलेली आहे, म्हणून त्या चार्जरवर दुसरं काहीही लावायचं नाही. एरियल सॉकेटमागचा जुना कपॅसिटर बदलून वाय क्लासचा, म्हणजे मेन्स आणि माणूस यांच्यामध्ये वापरायच्या सुरक्षित प्रकारचा, घातला, बटणांच्या बारीक स्क्रूंवर पुन्हा मेण भरलं, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘चॅसिसवर वीज आहे. आधी प्लग काढा.’