गुळाचा चहा मधुमेहात चालतो का?

"साखर बंद करा, गूळ घ्या, गुळाने शुगर वाढत नाही." हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय, आणि गूळ नैसर्गिक म्हणून तो सहज पटतो.

पण दोन्ही येतात एकाच उसाच्या रसातून. काहिलीत आटवून ढेपा पाडल्या की गूळ. मळी वेगळी काढून दाणे पाडले की साखर. मुख्य घटक एकच, सुक्रोज. साखरेत तो जवळजवळ शंभर टक्के, गुळात साधारण 65 ते 85 टक्के. आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ग्लुकोज थेट रक्तात उतरते. गुळात लोह असते हे खरे, पण चमचाभर गुळातून मिळते अगदी थोडे. शिवाय गूळ कमी गोड लागतो म्हणून चहात खडा मोठाच पडतो. आमच्याच स्वयंपाकघरात मी हे रोज पाहिले आहे.

पडताळा घरीच घेता येतो. गुळाचा चहा घेतच असाल, तर त्याआधी आणि एका तासाने ग्लुकोमीटरवर शुगर मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बिनसाखरेचा चहा घेऊन पुन्हा मोजा. आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांचा डोस मात्र स्वतःहून बदलू नका.